अपयशाची खरी नोंद : आवृत्ती-नियंत्रण प्रणालीच्या चाचण्यांचा एक अभ्यास

प्रास्ताविक

आमच्या वसतिगृहातून शिकून बाहेर पडलेले अनेक विद्यार्थी आज नाशिक, पुणे, मुंबई येथे संगणकाच्या कामात आहेत. सुट्टीत ते कळवणला येतात तेव्हा आईवडील त्यांना विचारतात, "तू तिथे नेमके काय करतोस?" बहुधा उत्तर येते, "टेस्टिंग." या एका शब्दामागे केवढी शिस्त उभी आहे, याची कल्पना पालकांस नसते, आणि कित्येकदा ते काम करणाऱ्यासही नसते. प्रस्तुत लेख त्या शिस्तीविषयी आहे. आम्ही इतिहासाचे शिक्षक. संगणकाचा विषय आम्ही इतिहासाच्या वाटेनेच समजून घेतला, आणि त्याच वाटेने तो येथे मांडत आहोत.

इतिहासात साधनाची परीक्षा करताना पहिला प्रश्न असा असतो : हा साक्षीदार गप्प आहे, तो काही घडले नाही म्हणून, की त्याला बोलताच येत नाही म्हणून? संगणकाच्या चाचणीसही हाच प्रश्न विचारावा लागतो. चाचणी "सर्व ठीक" असे सांगते, तेव्हा खरोखर सर्व ठीक असते, की बिघाड वर पोहोचण्याची वाटच मध्ये तुटलेली असते? या लेखाचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर असे : जी चाचणी नापास होऊ शकत नाही, ती काहीही तपासत नाही.

आवृत्ती-नियंत्रण म्हणजे काय?

भारतीय संविधानाचा मसुदा फेब्रुवारी १९४८ मध्ये सादर झाला आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकृत झाले. दरम्यान मसुद्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सुचविण्यात आल्या व त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. कोणी कोणती दुरुस्ती मांडली, ती मान्य झाली की अमान्य, हे संविधान सभेच्या कामकाजाच्या खंडांत वाचावयास मिळते. अमान्य झालेल्या दुरुस्त्याही तेथे जपल्या आहेत, म्हणूनच आजचा अभ्यासक प्रत्येक कलमाचा प्रवास शोधू शकतो.

संगणकावरील लेखनाचा असाच प्रवास जपून ठेवणाऱ्या प्रणालीस आवृत्ती-नियंत्रण प्रणाली म्हणतात. कोणत्या दिवशी, कोणी, कोणती ओळ बदलली आणि का बदलली, हे ती नोंदवते व मागची कोणतीही आवृत्ती परत काढून देते. अशा प्रणालींपैकी आज सर्वाधिक प्रचलित असलेली 'गिट' ही लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये सुरू केली. लिनक्सच्या कामासाठी तोवर वापरात असलेल्या 'बिटकीपर' या प्रणालीची विनामूल्य सवलत काढून घेण्यात आली, हे तिच्या जन्माचे निमित्त. त्याच वर्षी जुलैत गिटची देखभाल जुनिओ हमानो यांच्याकडे आली.

जगभरातील असंख्य कार्यक्रमांचा इतिहास आज गिटच्या हवाली आहे. दप्तरखानाच चुकला तर आतील कागदांचा काय भरवसा? म्हणून गिटमध्ये होणारा प्रत्येक बदल चाचण्यांच्या मोठ्या संचातून जातो. या चाचण्यांच्या सुमारे हजार फायली आहेत आणि त्या मुख्यतः 'शेल'च्या भाषेत लिहिलेल्या आहेत.

शून्य म्हणजे यश

शेल म्हणजे संगणकास ओळीने आज्ञा देण्याची भाषा. प्रत्येक आज्ञा आपले काम संपवताना एक अंक मागे ठेवते. त्यास 'एक्झिट कोड' म्हणतात. शून्य असेल तर काम फत्ते, आणि शून्याखेरीज दुसरा कोणताही अंक असेल तर काहीतरी बिघडले. गुणपत्रिकेची सवय असलेल्या आपल्या मनास हे उलटे वाटते, परंतु त्यामागे तर्क आहे. यशाचा प्रकार एकच असतो, अपयशाचे अनेक. म्हणून यशास एक अंक पुरतो आणि उरलेले अंक अपयशाची कारणे सांगण्यास मोकळे राहतात. उदाहरणार्थ, आज्ञा सापडलीच नाही तर १२७ मिळतो. स्मृतीच्या निषिद्ध भागास हात लावल्यामुळे कार्यक्रम कोसळला तर बहुधा १३९ मिळतो.

चाचणी-स्क्रिप्टचे सारे शहाणपण या अंकावर उभे आहे. हा अंक शेवटपर्यंत पोहोचला तर चाचणी खरी. तो वाटेत हरवला तर चाचणी म्हणजे केवळ देखावा. तो हरवण्याच्या मुख्य वाटा आता क्रमाने पाहू.

पहिली वाट : तुटलेली साखळी

फाईल काढून टाकण्याची गिटची आज्ञा तपासावयाची आहे, असे समजा. चार पायऱ्या होतात : एक, फाईल तयार करणे, दोन, ती गिटच्या नोंदीत घालणे, तीन, गिटला ती काढून टाकण्यास सांगणे, चार, फाईल आता जागेवर नाही ना, हे पाहणे.

या चार आज्ञा नुसत्या एकाखाली एक लिहिल्या, तर शेल त्या क्रमाने चालवतो आणि शेवटच्या आज्ञेचा अंक हाच साऱ्यांचा निकाल मानतो. आता डिस्क भरल्यामुळे पहिली पायरीच फसली, असे धरा. फाईल तयार झाली नाही, म्हणून नोंदली गेली नाही, म्हणून काढताही आली नाही. तरीही चौथी पायरी पाहते की फाईल जागेवर नाही, आणि आनंदाने शून्य देते. चाचणी उत्तीर्ण! जे कधी जन्मासच आले नाही, त्याच्या नसण्याचा येथे पुरावा मानला गेला.

यावरील उपाय साधा आहे. प्रत्येक आज्ञेच्या शेवटी && हे जोडचिन्ह लावावयाचे. "ही आज्ञा यशस्वी झाली तरच पुढे जा" असा त्याचा अर्थ. कोणतीही कडी निसटली की साखळी तेथेच थांबते आणि त्या कडीचा अंक निकाल म्हणून वर जातो. गिटच्या चाचण्यांत हा नियम कसोशीने पाळला जातो.

येथे जाणकार विद्यार्थी विचारील की, शेलला 'सेट -ई' अशी एकच आज्ञा देऊन "पहिल्या अपयशाला थांब" असे का सांगू नये? सोय खरी, पण तिच्यावर विसंबणे धोक्याचे. जी आज्ञा 'इफ'च्या अटीत आहे, किंवा जिच्यापुढे && अथवा || आहे, तिच्या अपयशावर हा नियम लागू होत नाही. अशा जागेवरून एखादे फलन बोलावले, तर त्या फलनाच्या पोटातही तो निष्प्रभ ठरतो. एकच फलन एका ठिकाणी थांबते आणि दुसऱ्या ठिकाणी पुढे धावते. जो पहारा जागा पाहून डोळे मिटतो, त्यापेक्षा प्रत्येक कडीवर स्वतः हात ठेवणे बरे.

अशीच गफलत आवर्तनात, म्हणजे लूपमध्ये होते. दहा फायली एकामागून एक तपासल्या, तर आवर्तनाचा निकाल दहाव्या फाईलवरून ठरतो. तिसरी चुकली असली तरी कोणास पत्ता लागत नाही. दहा वह्या तपासून शेवटच्या वहीचे गुण सर्व वर्गास द्यावेत, तसा हा प्रकार. म्हणून आवर्तनातील आज्ञेपुढे "किंवा येथूनच अपयश घेऊन परत फिर" असे स्पष्ट लिहावे लागते.

दुसरी वाट : नळी

एका आज्ञेचे फलित थेट दुसरीच्या हाती देण्याच्या सोयीस 'पाइप', म्हणजे नळी म्हणतात. तिचे चिन्ह एक उभी रेघ. ही कल्पना डग्लस मॅकइलरॉय यांची. १९७३ मध्ये केन टॉम्प्सन यांनी ती युनिक्समध्ये आणली. नळी अत्यंत उपयुक्त आहे. चाचणीत मात्र ती फसवते, कारण संपूर्ण नळीचा निकाल शेवटच्या आज्ञेवरून ठरतो.

गिरणा आणि मोसम खोऱ्यांतील फड पद्धती ज्यांनी पाहिली आहे, त्यांस हे समजावून सांगावे लागणार नाही. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून फडांना पाणी, आणि पाण्याच्या पाळ्या पाहणारा पाटकरी. समजा टोकाच्या शेतावरील माणसास एवढेच विचारले की, "आलेले पाणी वाफ्यात नीट फिरवलेस का?" तो प्रामाणिकपणे म्हणेल, "फिरवले." पाणी अर्धेच आले, वर बंधाऱ्याला भगदाड पडले, हे त्याच्या उत्तरात येणार नाही, कारण ते त्यास विचारलेलेच नाही.

गिटने फायलींची यादी द्यावी आणि क्रम लावणाऱ्या 'सॉर्ट' आज्ञेने ती अकारविल्हे लावावी, अशी नळी घेऊ. गिटने पूर्ण यादी दिली आणि अखेरच्या क्षणी तो कोसळला, तरी सॉर्टने आपले काम चोख केलेले असते. निकाल शून्य. यादी अपेक्षेप्रमाणे, चाचणी उत्तीर्ण, आणि ज्याची परीक्षा होती तोच परीक्षार्थी जमिनीवर पडलेला!

उपाय असा : गिटचे फलित प्रथम एका फाईलमध्ये लिहून घ्यावे, && लावावे, आणि मग दुसऱ्या आज्ञेने ती फाईल वाचावी. दोन्ही आज्ञांचे अंक आता स्वतंत्रपणे दिसतात. 'बॅश' या शेलमध्ये २००४ पासून 'पाइपफेल' नावाची सोय आहे. ती नळीतील कोणत्याही आज्ञेचे अपयश वर कळवते. २०२४ च्या पॉझिक्स मानकातही तिचा समावेश झाला आहे. परंतु जुन्या शेलमध्ये ती मिळेलच असे नाही. शिवाय पुढील आज्ञेने पहिल्या दहा ओळी वाचून नळी बंद केली, तर मागील आज्ञा निर्दोष असूनही अपयशी ठरू शकते. खोटे यश वाईट तसेच खोटे अपयशही वाईट, कारण वारंवार खोटी ओरड झाली की खऱ्या ओरडीकडे कोणी लक्ष देत नाही.

एका आज्ञेच्या पोटात दुसरी आज्ञा बसविली, तेव्हाही हेच घडते. "गिटला नोंदीचा क्रमांक विचार आणि तो छापून दाखव" असे एका दमात सांगितले, तर छापणारी आज्ञा रिकामा कागद छापूनही शून्य देते. येथेही विचारणे आणि छापणे वेगळे करावे.

अपेक्षित अपयश

काही चाचण्यांत अपयश हेच बरोबर उत्तर असते. संदेश कोरा ठेवून नोंद करू पाहिल्यास गिटने ती नाकारली पाहिजे. नाकारले नाही, तर दोष गिटचा. मग "अपयश आले की उत्तीर्ण" एवढे म्हणून भागेल काय? शेलमध्ये उद्गारचिन्ह लावून निकाल उलटा करता येतो, पण तेथे एक सूक्ष्म फसवणूक आहे. गिटने विचारपूर्वक नकार दिला तरी शून्याखेरीज दुसरा अंक येतो, आणि गिट कोसळला तरीही शून्याखेरीज दुसराच अंक येतो. दाराशी उभ्या रखवालदाराने परक्यास अडवले, की रखवालदार स्वतःच बेशुद्ध पडला? दार दोन्ही वेळा उघडले नाही, पण यांतील एकच रखवालदार कामाचा.

म्हणून गिटच्या चाचण्यांत 'टेस्ट मस्ट फेल' नावाचे सहायक फलन आहे. ते अंक पारखते. यश आले तर ते नापास करते, आज्ञा सापडली नाही तरी नापास करते, कार्यक्रम कोसळला तरी नापास करते. शिस्तीत दिलेला नकार तेवढा ते मान्य करते. त्यापुढे जाऊन चांगला चाचणीकार नकाराचा संदेशही तपासतो, आणि नकारानंतर जुनी नोंद जशीच्या तशी आहे ना, तेही पाहतो.

आणखी एक प्रकार आम्हांस शिक्षक म्हणून विशेष बोधप्रद वाटतो. एखादा दोष माहीत आहे, पण आज दुरुस्त होण्यासारखा नाही. अशा वेळी चाचणी पुसून टाकीत नाहीत. 'ज्ञात दोष' अशी खूण करून ती ठेवली जाते. ती रोज चालते, रोज अपयशी होते, परंतु काम अडवीत नाही. आणि एके दिवशी दोष नाहीसा झाला, तर तसेही ती कळवते.

शिक्षण हक्क कायदा २००९ ने आठवीपर्यंत मुलास मागे ठेवू नये असे सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत परीक्षा घेऊन, पुनर्परीक्षेनंतर मागे ठेवण्याची मुभा राज्यांस दिली. या वादात एक गोष्ट अनेकदा निसटते. मुलास वर्गाबाहेर न काढणे वेगळे, आणि त्यास वाचता येत नाही ही नोंदच न करणे वेगळे. उणीव नोंदवावी, तिच्यामुळे मुलास हाकलू नये, आणि ती दूर झाली की तेही तितक्याच तत्परतेने लिहावे. 'ज्ञात दोष' ही खूण नेमके हेच करते.

पसारा आवरणे

एका चाचणीने मागे सोडलेला पसारा दुसरीस फसवतो. साफसफाई स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत ठेवली, तर मध्येच अपयश आल्यावर ती ओळ कधीच चालत नाही. पुढची चाचणी मग उष्ट्या ताटावर बसते आणि तिचे अपयश भलत्याच्याच माथी येते. म्हणून आवरण्याची आज्ञा आरंभीच सांगून ठेवावयाची : "ही चाचणी कशीही संपो, संपताच हे कर." गिटमध्ये त्यासाठी 'टेस्ट व्हेन फिनिश्ड' हे फलन आहे. विशेष हे की, साफसफाई फसली तरी चाचणी नापास ठरते. याशिवाय प्रत्येक चाचणी-फाईल स्वतःच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये काम करते. सर्व उत्तीर्ण झाले तर ते फोल्डर पुसले जाते. एक जरी अपयश आले तरी ते राखून ठेवले जाते, कारण अपयशाचा पुरावा नष्ट करावयाचा नसतो.

काट्याचीच परीक्षा

इतके नियम सांगितले, तरी माणूस विसरतो. हजार फायलींत कोठेतरी एक && राहून जातो. तो शोधावा कसा?

कांदा घेऊन बाजार समितीत गेलेला शेतकरी जाणतो की, काटा खरा की खोटा हे नुसते पाहून कळत नाही. त्यावर प्रमाणित वजन ठेवावे लागते. ज्याचे वजन आधीच माहीत आहे ते ठेवले आणि काट्याने तेच दाखवले, तर काटा खरा.

गिटच्या चाचण्यांत २०१५ मध्ये जेफ किंग यांनी याच न्यायाने एक युक्ती आणली. प्रत्येक चाचणीच्या साखळीपुढे एक खोटी कडी जोडावयाची. ती मुद्दाम अपयशी होते आणि ११७ हा ठरलेला अंक देते. साखळी अखंड असेल, तर पहिल्याच कडीशी सर्व थांबते आणि निकाल ११७ येतो. कोठे एक && जरी राहिला असेल, तर त्या फटीपुढील आज्ञा चालू लागते आणि निकालात ११७ ऐवजी दुसरा अंक येतो. तेव्हा खरी चाचणी सुरू होण्यापूर्वीच कळते की, हिची साखळी तुटकी आहे. आवर्तने व उपशेल यांच्या पोटातील फटी या युक्तीस दिसत नाहीत. त्या शोधण्यासाठी २०१८ मध्ये व पुढे २०२२ मध्ये अधिक बारीक साधने तयार झाली.

आम्हांस या युक्तीचे मोल फार वाटते. यशाची खात्री पटवण्यासाठी येथे मुद्दाम अपयश घडवले जाते, आणि ते अपयश वरपर्यंत पोहोचते का, हे पाहिले जाते.

मौनाची किंमत

हे सारे कोरे पांडित्य नव्हे, हे ३१ जानेवारी २०१७ च्या घटनेवरून दिसते. 'गिटलॅब' ही गिटवर आधारित सेवा देणारी कंपनी. तिच्या एका अभियंत्याने रात्री उशिरा, आपण दुय्यम यंत्रावर आहोत अशा समजुतीने, मुख्य यंत्रावरील माहितीसाठा पुसण्याची आज्ञा दिली. चूक लक्षात येऊन त्याने हात आवरला, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते.

माणसाकडून चूक होते, म्हणूनच राखीव प्रती ठेवतात. परंतु त्या शोधू जाता त्यांची साठवणूक रिकामी निघाली. रोज राखीव प्रत काढणारी आज्ञा माहितीसाठ्याच्या आवृत्तीशी न जुळणारी होती. ९.६ आवृत्तीच्या साठ्यावर ९.२ चे साधन चालत होते. ते अपयशी होत होते आणि अपयशाचे पत्र ईमेलने पाठवलेही जात होते. मात्र प्रेषकाची खातरजमा होत नसल्याने ती पत्रे वाटेतच नाकारली जात होती. अपयश बोलत होते, पण ऐकणाऱ्यापर्यंत आवाज पोहोचत नव्हता. आणि तक्रार नाही म्हणून सर्व ठीक आहे, असे मानले जात होते.

सुदैवाने सहा तासांपूर्वी एका अभियंत्याने दुसऱ्याच कामासाठी काढलेली प्रत हाती लागली. तरी सुमारे पाच हजार प्रकल्प, पाच हजार अभिप्राय आणि सातशे नव्या खात्यांची माहिती गेली. गिटमध्ये जपलेले मूळ लेखन मात्र शाबूत राहिले. कंपनीने हा सारा प्रकार, कारणांसह, जगापुढे उघडपणे मांडला, म्हणूनच आज तो आपणांस अभ्यासता येतो. अपयशाची प्रामाणिक नोंद ही दुसऱ्यांची शिदोरी होते, ती अशी.

समारोप

आपल्या समाजास निकालाचे मोल निराळे सांगावयास नको. कित्येक घरांत पहिला उत्तीर्णाचा कागद आमच्या डोळ्यांदेखत आला. म्हणूनच 'उत्तीर्ण' हा शब्द स्वस्त होऊ देणे आपणांस परवडणारे नाही. जो माजी विद्यार्थी आज एखाद्या कचेरीत चाचण्या लिहीत बसला आहे, त्याच्या एका विसरलेल्या जोडचिन्हामुळे कोणाचे शिष्यवृत्तीचे पैसे, कोणाचा दवाखान्यातील अहवाल, कोणाचा सातबारा चुकू शकतो, आणि पडद्यावर मात्र हिरवा रंगच दिसत राहतो. त्याने रात्री घरी जाण्यापूर्वी आपली चाचणी एकदा मुद्दाम मोडून पाहावी. ती ओरडली, तर निश्चिंत मनाने झोपावे.

स्वाध्याय

१. आपण लिहिलेली कोणतीही एक चाचणी घ्या. ज्या कार्यक्रमाची ती परीक्षा घेते, त्यात मुद्दाम एक चूक करा. चाचणी नापास होते का? होत नसेल तर एक्झिट कोड कोठे हरवला, ते शोधा.

२. नळी वापरलेल्या तीन आज्ञा निवडा व त्या फाईलच्या साहाय्याने, && लावून पुन्हा लिहा.

३. "नकार" आणि "कोसळणे" यांतील फरक आपल्या चाचणीस कळतो काय? कळत नसेल तर कोणता अंक तपासावा लागेल?

४. पालकांसाठी : मुलाच्या प्रगतिपुस्तकात "समाधानकारक" असे लिहिले असेल, तर ते कशावरून ठरवले, हे शिक्षकांस विचारा. हा प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. काट्यावर प्रमाणित वजन ठेवण्यासारखेच ते आहे.